कोरा नमुना

आमच्याकडे माणशी तीन-चार गुरं,
जिलेटिनची ददात कसली,
म्हणायचा वॉशिंग्टन बेंतांकोर,
काखेत थर्मास, हातात येर्बाचा तुंबा,
आणि तुंब्यातली नळी रोखून मला दाखवायचा
तळाशी कुठं गुठळी धरतेय ते.

त्यानं मला यकृत करायला शिकवलं.
शंभराला सहा भाग जिलेटिन: धडधाकट.
दहा: रोज पिणाऱ्याचं.
पंधरा घातलेस, नेलिदा,
तर त्या माणसाच्या बायकोला आत बोलावून घे.

इसबगोल चिमटीनं भुरभुरवायचा,
नाहीतर ध्वनीला आत काही दिसत नाही;
स्वच्छ जेली म्हणजे त्याला नुसता काळोख.
मग बरणी निर्वात पेटीत, फेस वर येऊन विरेस्तोवर.
बुडबुडा राहता कामा नये.
बुडबुडा खोटं बोलतो,
तेही मोठ्यानं.

गाठ आदल्या दिवशीच करून ठेवायची,
वाटाण्याएवढी, चिवट.
अर्धा साचा गोठला की तिला वर बसवायची
आणि उरलेलं ओतायचं ते जेमतेम कोमट,
तान्ह्याच्या आंघोळीच्या पाण्याहून गार,
नाहीतर गाठ विरघळते.
गाठ विरघळली ही वाईट बातमी
फक्त आपल्याच धंद्यात, म्हणायचा तो.

तो गेला त्याला तीन हिवाळे झाले.

जुलैत नवे डॉक्टर येतात शिकायला.
मोन्तेविदेओची थंडी, सगळ्यांची बोटं गारठलेली.
मी पाच डबे मांडते.
चारांत गाठी. पाचवा कोरा.
हे सांगायचं नसतं.
आधी बोटांनी चाचपा, म्हणते, मग यंत्र लावा.
यंत्र आत एक हलका धक्का देतं
आणि लहर किती वेगानं पळाली ते मोजतं.
मऊ मांसात ती रेंगाळते,
घट्ट लागलं की धावत सुटते.
बोटांना नुसतं वाटतं, त्याचा इथं आकडा होतो.

पाचव्या डब्यात दरवर्षी
प्रत्येकाला काही ना काही सापडतं.
एकाला तर दोन सापडल्या, मापासकट.
शोधायला धाडलेला माणूस
रिकाम्या हातानं परतायला लाजतो.

यंदा हिमेना आरोचा
पाचव्यावर पाऊण तास बसली.
बाकीचे जेवायला गेले.
खिडकीबाहेर नदी, पलीकडचा काठ नसलेली,
दुधाळ कॉफीच्या रंगाची,
आणि ही डोळे मिटून दोन बोटांनी दाबतेय,
जणू आतला माणूस झोपलाय.
मग वहीत लिहिलं: काही नाही.
आणि जाता जाता, दारातून परत येऊन, खाली:
डावीकडे, खोलवर, पुन्हा पाहावं.

मी हसले असेन. आठवत नाही.

शनिवारी डबे टाकून द्यायचे असतात.
आठवड्यात जेली ताठरते, कडेला बुरशी धरते,
निरोगी यकृतही फ्रिजमध्ये नुसतं बसून आजारी पडतं.
टाकण्याआधी मी प्रत्येक डबा तारेनं चिरते,
कोराही. वॉशिंग्टनची शिस्त.

डावीकडे, खोलवर,
मोहरीएवढा बुडबुडा.

माझ्या हातचा. वीस वर्षं मुरलेल्या हातचा.

ॲप्रनच्या खिशात माझ्याच तपासणीची चिठ्ठी,
दोनदा पुढे ढकललेली.
ती वाचायच्या आधी बोटं आपसूक
उजव्या बरगडीखाली गेली. दाबलं.
काही लागलं नाही.
काही लागलं नाही म्हणजे काय,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सांगता येईना.

तार धुतली.
हिमेनाच्या दुसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली,
आणि फोन लावला.
पलीकडे शनिवारची घंटा
वाजत राहिली, वाजत राहिली.
मी ठेवला नाही.